डायव्हर्सिटी व्हिसाची मुलाखत: पात्रता कागदावर कशी सिद्ध करावी

अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसाच्या (म्हणजे सोडतीने मिळणाऱ्या, कायमच्या वास्तव्याच्या व्हिसाच्या) सोडतीत पाच वर्षांत ५०,००० हून जास्त स्थलांतरित पाठवणारे देश घेत नाहीत, आणि भारत त्यातच मोडतो. म्हणून पुण्यात किंवा पणजीत जन्मलेल्याला स्वतःच्या जन्मस्थळाच्या जोरावर यात जागा नाही. पण मस्कत, कुवेत, दुबई, नैरोबी इथे जन्मलेली मराठी आणि कोकणी घरांतली मुले पात्र ठरतात. नेपाळमध्ये जन्मलेल्या जोडीदाराशी लग्न केलेल्यांनाही वाट आहे. हा लेख अशा, सोडतीत निवड झालेल्या लोकांसाठी आहे. एक गोष्ट आधी पाहून घ्या: डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ही योजना थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हा वैद्यकीय तपासणीवर किंवा तिकिटांवर रुपया खर्च करण्याआधी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर आजची स्थिती वाचा.

निवड झाली की नाही हे फक्त अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर, अर्ज करताना मिळालेला कन्फर्मेशन नंबर टाकूनच कळते. ‘तुम्ही जिंकलात, पैसे भरा’ असा मेल आला तर तो फसवणुकीचा. खरी फी माणशी ३३० डॉलर; ती मुलाखतीच्या दिवशी अमेरिकी वकिलातीच्या खिडकीवर भरायची, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

डीएस-२६० फॉर्म (निवड झाल्यावर भरायचा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) प्रत्येकासाठी वेगळा भरा. मूळ, म्हणजे सोडतीच्या अर्जात लिहिलेले आणि इथे लिहिलेले जुळले पाहिजे. जुळत नसेल तर लपवू नका, खरे तेच लिहा.

जन्मदेश: इथेच बहुतेक जण अडकतात

अधिकारी सर्वांत आधी पाहतो की तुम्ही कोणत्या देशाच्या खात्यावर अर्ज केला आहे. याला चार्जेबिलिटी म्हणतात. इथे नागरिकत्व मोजत नाहीत, जन्म मोजतात. गोव्यात जन्मलेल्याने पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला म्हणून तो पोर्तुगालच्या खात्यावर जात नाही; तो भारताचाच. उलट कुवेतमध्ये जन्मलेल्या मुलीकडे भारतीय पासपोर्ट असला, ती वयाच्या दुसऱ्या वर्षापासून रत्नागिरीत वाढली असली, तरी ती कुवेतच्या खात्यावर पात्र.

अर्ज वाया घालवणारा एक चुकीचा सल्ला असा: ‘तुझा जन्म मुंबईत झाला, पण आईबाबा तेव्हा ओमानमध्ये नोकरीला होते ना, मग ओमान लाव.’ हे साफ चूक आहे. नियमाला दोन अटी आहेत. तुमच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी कोणीही तुमच्या जन्मदेशात जन्मलेले नसावे, आणि तिथले रहिवासीही नसावे. दोन्ही पुरी झाली, तरच आईच्या किंवा वडिलांच्या *जन्मदेशावर* दावा करता येतो. जिथे ते नोकरी करत होते त्या देशावर नाही. आईचे बाळंतपण माहेरी सांगलीत झाले आणि आई किंवा वडील भारतात जन्मलेले असतील, तर दावा तिथेच संपला. पहिल्या अर्जात देश चुकीचा लिहिला असेल तर मुलाखतीत तो बदलून मिळत नाही. अर्ज अपात्र ठरतो.

जोडीदाराच्या जन्मदेशावरून जाणाऱ्यांना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लग्न मूळ अर्ज भरण्याच्या आधीचे हवे. जोडीदाराचे नाव त्या अर्जात हवे. आणि व्हिसा मिळाल्यावर दोघांनी अमेरिकेत एकत्रच प्रवेश करायला हवा. नवऱ्याने आधी जाऊन खोली बघायची आणि बायकोने मागून यायचे, हे इथे चालत नाही. अजून अर्ज भरायचाच असेल, तर माझे मत पक्के आहे: पात्र देशात जन्मलेला जोडीदार बारावी झालेला असेल तर मुख्य अर्जदार त्यालाच करा. सगळे सोपे होते. दोघांनी आपापला एकेक अर्ज भरणेही नियमात बसते.

आता पुरावा. परदेशात जन्मलेल्यांसाठी मुख्य कागद म्हणजे *त्या देशाच्या* सरकारी खात्याने दिलेला जन्मदाखला. भारतीय वकिलातीत केलेली जन्मनोंद जोडीला ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. दाखला अरबीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि त्याखाली भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन हवे की त्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे. ॲपॉस्टिलसाठी (कागद परदेशात वापरण्यासाठीच्या सरकारी प्रमाणीकरणासाठी) एजंटाला पैसे मोजू नका. अधिकाऱ्याला मूळ प्रत आणि झेरॉक्स लागते.

मग शाळा सोडल्याचा दाखला काढून ‘जन्मस्थळ’ हा रकाना वाचा. गावी शाळेत नाव घालताना घरच्यांनी तिथे कुवेतऐवजी सरळ गावाचे नाव सांगून टाकलेले असू शकते. पासपोर्टवर एक, दाखल्यावर दुसरे, असे असेल तर ज्या देशावर तुमची सगळी पात्रता उभी आहे त्याच्याबद्दलच शंका येते. मुलाखतीच्या चार-सहा महिने आधी शाळेकडे दुरुस्तीचा अर्ज करा. वेळ नसेल तर परदेशी जन्मदाखला, आईचा त्या काळातला पासपोर्ट आणि तिथल्या निवासपरवान्याची पाने सोबत न्या.

कुटुंबातल्या ज्यांचा जन्म भारतात झाला त्यांना नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो. जुनी नोंद सापडत नसेल तर त्याच कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या आणि सोबत शाळेचा दाखला व आईवडिलांचे प्रतिज्ञापत्र जोडा. कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मिळाली तर उत्तमच, पण तिचेही इंग्रजी भाषांतर लागते. नुसते प्रतिज्ञापत्र घेऊन जाणे म्हणजे परत पाठवले जाणे.

बारावी, आणि बारावी नसेल तर

शिक्षणाची अट फक्त मुख्य अर्जदाराला आहे. एकूण बारा वर्षांचे नियमित शालेय शिक्षण हवे. दहावी पुरत नाही. नेपाळची एसएलसी किंवा एसईई ही दहावीच आहे, तिच्यापुढची दोन वर्षे दाखवावी लागतात. बारावीची गुणपत्रिका आणि बोर्डाचे प्रमाणपत्र दोन्ही न्या. पदवी असेल तर तीही न्या, पण बारावीच्या ऐवजी नव्हे. आयटीआयचे प्रमाणपत्र व्यवसायशिक्षणात मोडते आणि बारावीच्या जागी चालत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा असेल तर त्यावरून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीचा प्रवेश मिळाल्याची कागदपत्रे आणि पदवी जोडा. एकटा डिप्लोमा कमकुवत आहे.

१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिलेल्यांनी विशेष सावध राहावे. पत्राद्वारे घेतलेले शिक्षण या नियमात मान्य नाही, आणि वर्गात न बसता दिलेली परीक्षा अधिकाऱ्याला तशीच वाटू शकते. त्यानंतर नियमित महाविद्यालयात केलेली पदवी असेल तर तिची सर्व वर्षांची कागदपत्रे पुढे ठेवा.

बारावी नसेल तर मागच्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव दाखवता येतो, पण कोणताही नाही. अमेरिकी श्रम खात्याच्या ओ-नेट या व्यवसायांच्या ऑनलाइन यादीत तो व्यवसाय जॉब झोन (लागणाऱ्या तयारीनुसार केलेला गट) ४ किंवा ५ मध्ये, आणि त्याची तयारीची पातळी ७.० किंवा त्याहून वर असावी लागते. ड्रायव्हर, स्वयंपाकी, सेल्समन यात बसत नाहीत, मग अनुभव वीस वर्षांचा का असेना. यादी अर्जाआधी पाहा. नोकरीच्या पत्रात पदनाम, तारखा आणि रोजचे काम नेमके लिहून घ्या. ‘प्रामाणिक व मेहनती’ असल्याच्या शिफारसपत्राचा इथे काही उपयोग नाही.

नावे आणि माणसे

आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी पद्धत. लग्नानंतर कधी बाईचे पहिले नावही बदललेले असते. माहेरचे नाव बारावीच्या गुणपत्रिकेवर, सासरचे पासपोर्टवर. या दोहोंना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि पहिले नाव बदलले असेल तर राजपत्रातली नोंद. लग्नपत्रिका आणि अल्बम पूरक म्हणून ठीक. आधीचे लग्न मोडले असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा हवा.

मूळ अर्जात जोडीदार आणि २१ वर्षांखालील सर्व अविवाहित मुले लिहिलेली असावी लागतात. सोबत येणार नसली, सावत्र असली, पहिल्या लग्नाची असून दुसरीकडे राहत असली तरीही. एक नाव गाळले असेल तर सगळ्यांचा व्हिसा जातो. जोडीदाराच्या जन्मदेशावर दावा नसेल, तर अर्जानंतर लग्न झाले किंवा मूल झाले तरी अडचण नाही, मात्र निवड जाहीर झाल्यावर केलेल्या लग्नाची कसून चौकशी होते.

बाकीचे

पोलीस दाखला सोळा वर्षांवरील प्रत्येकाला लागतो; भारतातला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, आणि दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथलाही. याला बराच वेळ लागू शकतो, म्हणून सुरुवात इथूनच करा. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडेच. लशींच्या नोंदी न्या, आणि बंद पाकीट दिले तर फोडू नका. फोटो दोन बाय दोन इंच, चष्म्याशिवाय. खर्चाची सोय दाखवण्यासाठी बँकेची विवरणपत्रे आणि अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून आय-१३४ (आर्थिक आधार देण्याचे निवेदन) घेऊन ठेवा; आय-८६४ (कायदेशीर बंधन असलेले हमीपत्र) या व्हिसाला लागत नाही, तो भरून घेणाऱ्या एजंटाला नियम माहीत नाहीत.

मुलाखतीनंतर कागद कमी पडला म्हणून २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडवून ठेवल्याची चिठ्ठी हातात आली, तर मागितलेला कागद त्याच आठवड्यात पोचवा. अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते आणि त्या रात्रीपर्यंत व्हिसा छापला गेला नाही तर निवड रद्द होते. ती पुढच्या वर्षात जात नाही. शिवाय त्या वर्षाचा कोटा आधीच संपू शकतो, म्हणून सप्टेंबरची तारीख मिळालेल्यांनी एकही कागद ‘नंतर देऊ’ म्हणून मागे ठेवू नये.