उसण भरली म्हणून बाम चोळताय? फुप्फुस मिटलं असेल तर या चुका टाळा

उंच, सडपातळ, विशीतला मुलगा. बसल्या जागी छातीत एका बाजूला कळ येते, श्वास आत घेतला की ती वाढते, थोडा दम लागतो. घरात लगेच ठरतं, गॅस असेल नाहीतर उसण भरली. मग ओवा, बाम, शेक. दुसऱ्या दिवशी दुखणं बरंच कमी होतं आणि विषय संपतो.

खरी गफलत इथेच होते. हे दुखणं न्यूमोथोरॅक्सचं, म्हणजे फुप्फुस मिटल्याचं असू शकतं. त्यात बहुतेकदा फुप्फुसाच्या वरच्या टोकावरचा हवेचा छोटा फुगा फुटतो आणि हवा फुप्फुस व छातीची भिंत यांच्या मधल्या पोकळीत साठते. फुप्फुस मिटलेलंच असतं, पण दुखणं एका दिवसात ओसरू शकतं. त्यामुळे कळ थांबली तरी छातीचा एक्स-रे काढायलाच हवा. ईसीजी नॉर्मल आला एवढ्यावर समाधान मानू नका. धाप वाढत गेली, ओठ निळसर दिसले किंवा चक्कर आली तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

टीबी किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांनी या पोकळीत साठलेली थोडीशी हवाही हलक्यात घेऊ नये.

निदान झालं की प्रत्येकाला हवा बाहेर काढायला छातीत नळी लागतेच असं नाही. रुग्ण स्थिर असेल तर काही वेळा नुसतं लक्ष ठेवतात, हवा हळूहळू शोषली जाते. नळी घातली असेल तर सगळा घोळ तिला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीपाशी होतो. बाथरूमला जाताना नातेवाईक प्रेमाने ती उचलून खांद्यापर्यंत धरतात, आणि पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. बाटली कायम छातीच्या खाली, उभी हवी. बुडबुडे येतायत म्हणून कुणी नळीला चिमटा लावू नये; बाहेर पडणारी हवा आत कोंडली तर जिवावर बेतू शकतं. श्वासाबरोबर वरखाली होणारं पाणी एकाएकी थांबलं तर आधी नळी अंगाखाली मुडपली आहे का पाहा आणि सिस्टरना सांगा.

घरी आल्यावर सिगारेट पुन्हा सुरू करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिल्या खेपेनंतर साधारण तिघांतल्या एकाला हा त्रास पुन्हा होतो, आणि धूम्रपानाने ती शक्यता वाढते. विमानप्रवास एक्स-रे पूर्ण साफ दिसल्यावर, तोही डॉक्टरांना विचारून. कपालभाती, भस्त्रिकाही तसंच. तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंग मात्र विसरा. हा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून छातीच्या दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झालेल्यांनाच, तपासणीनंतर, त्याचा विचार करता येतो.

बाईला पाळीच्या आसपास असा त्रास वारंवार होत असेल तर तो योगायोग समजू नका. छातीतल्या एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर छातीत वाढण्याची) शंका डॉक्टरांपुढे स्वतःहून काढा.