ऑक्टोबरात खाडीवर पक्षी बघायला ग्रुपने जाताय? मग या चुका टाळा

पाऊस गेला की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "काय मग, खाडीवर कधी जायचं?" आणि दुसरा मेसेजही ठरलेला, "फ्लेमिंगो आले का?" इथूनच गडबड सुरू होते. ठाणे खाडीला 2015 साली अभयारण्य केलं तेव्हा नावातच फ्लेमिंगो आलं, 2022 मध्ये रामसर यादीत (म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेली तेव्हा बातम्यांना फोटो फ्लेमिंगोचेच, त्यामुळे लोकांना वाटतं हे गुलाबी पाहुणे बारा महिने तिथे उभेच असतात. तसं नाहीये. थोडेफार मागे राहिलेले दिसतात कधीकधी, पण मोठे थवे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून जमायला लागतात आणि मग मेपर्यंत मुक्काम. ते जिथून येतात त्या कच्छात पाणी किती टिकलंय यावरही त्यांचं येणं पुढेमागे होतं. म्हणून ऑक्टोबरचा वॉक ठेवताना मेसेजमध्ये स्वच्छ लिहा की फ्लेमिंगोची गॅरंटी नाही. नाहीतर आमच्याकडे झालं तसं होतं, एक काकू डोंबिवलीहून पहाटे चारला उठून आल्या आणि साडेनऊपर्यंत दर दहा मिनिटांनी "अहो पण फ्लेमिंगो कुठंयत?" त्यांच्यासमोर दोनशे पाणटिवळे चिखलात चोची खुपसत होते, त्यांच्याकडे बघायला बाई तयार नाहीत.

आणि खरं सांगू का, ऑक्टोबर हा वेडर्सचा, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चालत खाणं शोधणाऱ्या पक्ष्यांचा, महिना आहे. पाणटिवळे, कोरल, तुतवार, शेकाटे, छोटे छोटे स्टिंट, शिवाय वरून पाकोळ्या, काठावरच्या झुडपात एखादा फ्लायकॅचर, नशीब असेल तर तारेवर युरोपियन रोलर, तो आफ्रिकेला जाता जाता आपल्याकडे चार दिवस थांबतो आणि डिसेंबरात शोधून सापडत नाही. हे सगळं फ्लेमिंगोच्या नादात हुकतं.

आता सगळ्यात मोठी चूक. घड्याळ बघून जाणे.

जंगलात सकाळी साडेसहा म्हणजे साडेसहा, पण खाडीवर पक्ष्यांचं टाइमटेबल सूर्य ठरवत नाही, पाणी ठरवतं. ओहोटीला पाणी मागे गेलं की चिखल उघडा पडतो आणि सगळे पक्षी त्या चिखलावर लांबवर पांगतात, तुम्ही काठावर उभे आणि ते अर्धा किलोमीटर आत, दुर्बिणीतून नुसते तीळ सांडल्यासारखे. भरती चढायला लागली की पाणी त्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं, आणि भरती पूर्ण भरली की चिखलच शिल्लक राहत नाही, मग सगळे उडून मिठागरांवर नाहीतर आतल्या तळ्यांवर जाऊन बसतात. म्हणजे काठावर उभं राहायचं तर चढत्या पाण्याचे शेवटचे दोन-अडीच तास सोन्यासारखे, आणि भर भरतीला तळ्याकडे वळायचं.

आम्ही काय केलं होतं? रविवार बघितला, बावीस जण जमवले आणि सातला खाडीच्या काठावर हजर. नेमकी संकष्टी होती. निम्म्या ग्रुपला उपास, डब्यात साबुदाण्याची खिचडी, चंद्रोदय किती वाजता ते प्रत्येकाला तोंडपाठ, पण चतुर्थीला सकाळी पाणी कुठे असतं हा विचार एकाच्याही डोक्यात नाही! समोर नुसता चिखल, चकचकीत, क्षितिजापर्यंत. जाळं नीट करत बसलेल्या एका कोळी दादांनी एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा ट्रायपॉडांकडे, आणि म्हणाले, "चतुर्थी हाय ना आज, पानी कवाच गेलं."

तर ते गणित किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असतं, आपणच ॲप शोधत बसतो. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती, मधे सकाळी नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, म्हणजे सकाळी नऊला भरती, साडेसहाला पोचलात की पाणी चढतंय आणि पक्षी जवळ येतायत, याच्यासारखं सुख नाही. अंदाज आहे हा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि मुंबई बंदराची भरतीची छापील वेळ खाडीच्या वरच्या टोकाला थोडी उशिराने लागू होते, कारण पाण्याला आत यायला वेळ लागतो. अजून एक, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार वर चढतच नाही, पक्षी लांबच राहतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाणी भराभर चढतं, पक्षी जवळ येतात पण वेळ कमी मिळतो, अर्ध्या तासात खेळ खलास. म्हणून वॉकची तारीख ठरवताना आधी कालनिर्णय उघडा, रविवार नंतर बघा.

ऊन कुठून येतंय

हे कोणी सांगतच नाही. खाडी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे, त्यामुळे तुम्ही कुठल्या काठावर आहात यावर सगळं अवलंबून. ऐरोलीच्या बाजूला उभे राहिलात तर तोंड पश्चिमेला, सकाळी सूर्य पाठीशी, पक्ष्याच्या पायाचा रंगसुद्धा स्वच्छ दिसतो. भांडुप किंवा शिवडीच्या बाजूला तोंड पूर्वेला, सकाळी सूर्य थेट डोळ्यात आणि समोर सगळे पक्षी काळे. मग "हा काळा कुठला?" "तोही काळाच आहे." असे संवाद होतात. तिकडे जायचंच तर दुपारनंतरची भरती पकडा. आणि ऑक्टोबर हीट विसरू नका, साडेनऊनंतर चिखलावरून अशी वाफ थरथरते की पन्नास हजारांची दुर्बीण असो, पक्षी पाण्याखाली असल्यासारखा हलतो. दुर्बीण बिघडलेली नसते, घरी जायची वेळ झालेली असते.

"मला दुर्बिणीतून दोन दोन दिसतायत"

प्रत्येक वॉकला हे म्हणणारे तीन जण असतात. दोन चित्रं दिसत असतील तर आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून तुमच्या डोळ्यांच्या अंतराला बसवा. चित्र एकच आहे पण कुठेतरी धूसर, तर उजव्या डोळ्यापाशी एक छोटी फिरणारी रिंग असते ती कोणीतरी फिरवलेली असते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला फोकस करा, मग डावा मिटून फक्त ती रिंग फिरवा, झालं. चष्मा असेल तर डोळ्यापाशीचे रबर कप आत दाबून ठेवा नाहीतर बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं. काचेवर धुकं आलं असेल तर ते एसी गाडीमुळे. शर्टाने पुसू नका, पाच मिनिटं उघड्यावर धरा, आपोआप जातं. नवीन घेणार असाल तर आठ बाय बेचाळीस घ्या (आठ पट जवळ दाखवणारी, पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची), जास्त झूमच्या मोहात पडू नका, हात हलतो.

ग्रुप म्हटलं की गोंधळ आलाच, पण बावीस जण बंधाऱ्यावर एका रांगेत आकाशासमोर उभे राहिले तर चिखलातल्या पक्ष्याला ती भिंत चालून आल्यासारखीच दिसते. दहा-बाराच्या वर लोक झाले तर दोन ग्रुप करा, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाने चाला, पांढरेशुभ्र टीशर्ट घरी ठेवा. आणि कृपया भरतीला विसावलेला थवा "उडताना फोटो छान येतो" म्हणून उडवू नका. तो सायबेरियाकडून हजारो किलोमीटर उडून आलेला आहे, त्याला तेवढाच वेळ विश्रांतीला मिळतो, तुमच्या रीलसाठी नाही. यावर मी ग्रुपमध्ये भांडलोय आणि परत भांडेन.

ओळखण्यातल्या चुका तर विचारूच नका. शरद ऋतूत निम्मे पक्षी धड कुठल्याच पिसाऱ्यात नसतात, विणीचा रंग उतरत आलेला, पिल्लं वेगळीच, बदकांचे नर माद्यांसारखे मळकट. पुस्तकातल्या चित्राशी जुळवत बसलात तर दिवस जाईल. रंग सोडा, चोच बघा. मार्श सँडपायपरची चोच सुईसारखी बारीक आणि सरळ, ग्रीनशँकची जाड आणि किंचित वर वळलेली, शिवाय तो उडताना तीनदा ट्यू-ट्यू-ट्यू करतो. रेडशँक उडाला की पंखाच्या मागच्या कडेला पांढरा पट्टा. आणि प्रत्येक पांढरा बगळा छोटा बगळा नसतो, समुद्री बगळा पांढऱ्या रूपातही येतो, त्याची चोच जाडसर आणि पिवळट असते. मोबाइलने आवाज ऐकून नाव सांगितलं म्हणून लगेच यादीत टाकू नका, आमच्याकडे त्याने एकदा सायकलच्या ब्रेकला पक्षी ठरवलं होतं.

यादीवरून आठवलं, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं ॲप) एकानेच लिस्ट करायची आणि बाकीच्यांना शेअर करायची. बारा जणांनी बारा लिस्ट वेगवेगळ्या टाकल्या आणि आकडे एकमेकांशी जुळेनात की डोकं फिरतं. थवा मोजताना दहा पक्षी नीट मोजा, तेवढा तुकडा डोळ्यात धरा आणि असे किती तुकडे ते बघत जा. 5 ते 12 नोव्हेंबर आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह असतो, तेव्हा खूप नवीन लोक येतात, त्यांना हे आधी शिकवा.

बाकी किरकोळ. गेटवर परवानगी लागते का, बोट असेल तर ती किती वाजता सुटते, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, बोटही भरती बघूनच सुटते. बाथरूम कुठे आहे ते वॉक सुरू व्हायच्या आधी सांगा, बायका या एका कारणाने पाणी न पिता तीन तास उन्हात फिरतात आणि चक्कर येते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, डास आहेत. आणि चिखल वरून कितीही वाळलेला दिसला तरी त्यावर पाय ठेवू नका. आमच्या एका मित्राने शेकाट्याच्या फोटोसाठी ठेवला, पाय आला, बूट नाही आला. भरती त्या दिवशी दुपारी होती, तोवर तो बूट तिथेच होता, त्याच्यावर एक खंड्या बसून गेला, आणि फोटो काढायचा तर कॅमेरा सावरत मित्र एका पायावर.