स्टोरेज क्लस्टरचं (अनेक सर्व्हर मिळून केलेल्या स्टोरेजचं) बेंचमार्किंग, म्हणजे वेग मोजणं, शिकताय? आधी कागदावर आकडा काढा

मी महापेला एका डेटा सेंटरमध्ये स्टोरेज सांभाळतो, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने रोजचं येणंजाणं, आणि टीममध्ये नवीन आलेली पोरं हमखास विचारतात की सर, फाइल सिस्टिम टेस्ट करायला कुठली कमांड मारू? कमांड काय, पटकन सापडते हो. आलेला आकडा खरा की खोटा हे ओळखता आलं पाहिजे.

म्हणून आधी हिशोब करा. क्लायंटला, म्हणजे स्टोरेज वापरणाऱ्या मशीनला, १० गिगाबिटचा एकच नेटवर्क पोर्ट असेल तर ८ ने भागा (८ बिटचा एक बाइट), सेकंदाला जास्तीत जास्त १.२५ जीबी, प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच. मागे एका पोराने डीडीने (dd, डेटा कॉपी करायची लिनक्स कमांड) १० जीबीची फाइल लिहिली, लगेच वाचली, आणि रीड स्पीड आला सेकंदाला ४ जीबीच्या वर, एकदम खूश. म्हटलं अरे, केबलमधून एवढा डेटा येऊच शकत नाही, मग आला कुठून? मशीनची रॅम ६४ जीबी, म्हणजे अख्खी फाइल पेज कॅशमध्येच (फाइलींचा डेटा तात्पुरता ठेवायची रॅममधली जागा) बसलेली, स्टोरेजपर्यंत रीड गेलंच नाही. फाइल रॅमच्या दुप्पट केली तेव्हा कुठे आकडा १.१ वर आला. सर्व्हरच्या रॅममध्येही कॅश असते, तीपण हिशोबात धरा.

एका क्लायंटवरून क्लस्टर मोजू नका, त्यात क्लायंटचीच लिमिट दिसते. आयओआर (IOR) हे बेंचमार्कचं टूल वापरा, ते एमपीआयवर (अनेक मशीनवर एकत्र प्रोग्राम चालवायची पद्धत) बऱ्याच नोड्सवरून, म्हणजे मशीनवरून, एकदम चालतं, आणि त्यात कॅपिटल सी (-C) हा ऑप्शन लावलात की एका नोडने लिहिलेलं दुसरा नोड वाचतो, क्लायंटच्या कॅशचा प्रश्नच मिटला. १, २, ४, ८ असे नोड वाढवत जा आणि वेग कुठे वाढायचा थांबतो ते बघा. सेफ (Ceph) या स्टोरेज सिस्टिमवर डेटाच्या तीन कॉपी ठेवल्या असतील तर क्लायंटच्या १ जीबीमागे डिस्कवर ३ जीबी लिहिलं जातं, तेव्हा राइट कमी आला म्हणून घाबरू नका.

आणि एमडीटेस्ट (mdtest, फाइली बनवणं-उघडणं-पुसणं याचा वेग मोजणारी टेस्ट) कृपा करून टाळू नका! युजर बोंबलतात ते बहुतेक वेळा एलएस (ls, फाइलींची यादी दाखवणारी कमांड) अडकतं म्हणून. लस्टर (Lustre) या फाइल सिस्टिममध्ये फाइलची नावं, परमिशन वगैरे माहिती, म्हणजे मेटाडेटा, खास मेटाडेटा सर्व्हरकडे असते आणि डेटा वेगळ्या सर्व्हरवर, त्यामुळे लाखो बारीक फाइली असतील तर डेटाच्या डिस्क कितीही वाढवा, फाइल क्रिएटचा वेग तेवढाच राहतो. २०१७ पासून निघणाऱ्या आयओ५०० (IO500) या वेगवान स्टोरेजच्या यादीतही बँडविड्थ आणि मेटाडेटा दोन्ही धरतात, आणि तिथल्या हार्ड टेस्टमध्ये सगळे प्रोसेस एकाच फाइलमध्ये ४७,००८ बाइटचे तुकडे लिहितात. ही टेस्ट स्वतःच्या क्लस्टरवर नक्की चालवून बघा, त्यातल्या ईझी (सोप्या) आणि हार्ड टेस्टमधला फरक बघितलात की कळेल खऱ्या ॲप्लिकेशनला एवढा वेळ का लागतो.

प्रत्येक रनसोबत माउंट ऑप्शन (फाइल सिस्टिम जोडतानाची सेटिंग), स्ट्राइप काउंट (एक फाइल किती ठिकाणी विभागून ठेवली ते) आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहून ठेवा.