घरी काडतुसे भरायला शिकताना: .३८ स्पेशलची सुरुवात आणि खर्चाचा हिशेब

आधी कायद्याचे. भारतात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे पुढचे सगळे अमेरिकेत राहून कायदेशीर नेमबाजी करणाऱ्यांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायला मात्र लागतो. राज्याचे आणि इमारतीचे नियम वेगळे तपासावेत.

पहिले काडतूस म्हणून रिव्हॉल्व्हरचे .३८ स्पेशल घ्यावे. त्याची पितळी पुंगळी सरळ असते, दाब कमी असतो, आणि कार्बाइड डाय (पुंगळीला माप देणारा कठीण साचा) वापरली तर पुंगळीला तेल लावावे लागत नाही. रायफलची पुंगळी डायमध्ये अडकली की नवशिक्याचा अख्खा दिवस ती काढण्यात जातो.

साहित्य: सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारे दाबयंत्र), तीन डायचा संच, पुंगळी धरणारा शेल होल्डर, ०.१ ग्रेनपर्यंत (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) मोजणारा काटा, बंदुकीची दारू मोजून टाकणारे यंत्र, कॅलिपर, पुंगळ्या उभ्या ठेवायला ५० खाचांचा ठोकळा, चष्मा आणि चालू आवृत्तीचे लोड मॅन्युअल (दारूच्या प्रमाणांचे पुस्तक). साधारण ४०० डॉलर धरा. एकदम चार-चार कामे करणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस सुरुवातीला नकोच. चूक कुठल्या पायरीवर झाली हे त्यात कळत नाही.

आता एका काडतुसाचा हिशेब. एका पौंडात ७००० ग्रेन. एक पौंड दारूचा डबा ४० डॉलरला मिळाला आणि एका काडतुसाला ४ ग्रेन लागली (हा आकडा फक्त गणितासाठी आहे, भरण्यासाठी नाही) तर एका डब्यात १७५० काडतुसे, म्हणजे प्रत्येकी सुमारे सव्वादोन सेंट. प्रायमर (दारू पेटवणारी, पुंगळीच्या तळाची टोपी) ७ आणि शिशाची गोळी ११ सेंट धरली तर एकूण २० च्या आसपास. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. दुकानातले काडतूस ४५ सेंटला पडत असेल तर वाचले २५, म्हणजे यंत्रांचे पैसे १६०० काडतुसांनंतर सुटतात. महिन्याला ५० झाडणाऱ्याला त्यासाठी अडीच वर्षांहून जास्त लागतील. बचतीसाठीच करायचे असेल तर हा हिशेब आधी स्वतःच्या वापरावर मांडावा.

पुंगळ्या धुऊन वाळवा आणि तोंडाला चीर गेलेली फेकून द्या. पहिली डाय जुना प्रायमर काढते आणि पुंगळी मूळ मापावर आणते. दुसरी तोंड किंचित फुलवते. फुलवणे कमी पडले तर शिशाची गोळी बसताना सोलली जाते. नवा प्रायमर तळाच्या पातळीपेक्षा केसभर आत बसला पाहिजे. बोट फिरवून पाहा. वर राहिला तर रिव्हॉल्व्हरचा फिरता सिलिंडर अडकतो किंवा पहिल्या ठोक्याला काडतूस उडत नाही.

खरी जोखीम दारू भरताना. .३८ ची पुंगळी जुन्या काळ्या दारूच्या काळातली, म्हणून मोठी. आजची दारू तिच्या तळाशी जेमतेम दिसते. चुकून दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, आणि त्या एका काडतुसाने रिव्हॉल्व्हर फुटू शकते. उलट दारू पडलीच नाही, तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलून तिथेच अडकवतो आणि पुढची गोळी नळी फोडते. म्हणून ठोकळ्यातल्या पन्नासही पुंगळ्यांत विजेरी मारून पातळी एकसारखी आहे का ते बघायचे, मगच गोळ्या बसवायच्या. हे टाळू नका. झाडताना आवाज दबका आला तर थांबा, रिव्हॉल्व्हर रिकामे करा, नळी तपासा.

दारूचे प्रमाण नेहमी मॅन्युअलमधूनच, त्याच वजनाच्या आणि त्याच प्रकारच्या गोळीसाठी, आणि सुरुवातीच्या आकड्यापासून घ्यायचे. तांब्याचे आवरण असलेल्या गोळीचे प्रमाण शिशाच्या गोळीला लावू नये. टेबलावर एका वेळी एकच डबा.

तिसरी डाय गोळी बसवते आणि पुंगळीची कड गोळीच्या खाचेत दाबते. ही पकड सैल राहिली तर धक्क्याने इतर काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरत नाही.

दारू मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी, मुलांपासून दूर कुलपात ठेवावी. हवाबंद लोखंडी पेटीत मात्र नको, कारण आग लागली तर आत दाब साचतो. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. शिसे बोटांवरून पोटात जाते, त्यामुळे त्या टेबलावर चहासुद्धा ठेवू नये.