नव्या अद्भुतरम्य कादंबऱ्या घरच्या संग्रहात घेताना

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या सहसा एकेकट्या नसतात. दोन, तीन, कधी त्याहून अधिक भागांची मालिका असते आणि तिचे भाग वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने निघत राहतात. ‘हॅरी पॉटर’चे सात भाग १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाले, म्हणजे पहिला भाग बाराव्या वर्षी हाती घेतलेला वाचक शेवटच्या भागापर्यंत बावीस वर्षांचा झाला होता. अशा मालिकेतील पहिले पुस्तक विकत घेताना आपण पुढील काही वर्षांची खरेदीच ठरवत असतो. खानदेशात तर ही पुस्तके दुकानात उभे राहून चाळून पाहण्याची संधी कमीच मिळते आणि बहुधा ती मागवूनच घ्यावी लागतात. त्यामुळे विचार मागणी नोंदवण्यापूर्वीच झालेला बरा.

सवलतीच्या मोहाने पूर्ण संच एकदम मागवू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी पहिला भाग वाचावा. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय किंवा आपल्या तालुक्याच्या गावातील वाचनालय येथे चौकशी करावी. तेथे पुस्तक नसेल, तर ई-पुस्तकाची नमुन्यादाखल मिळणारी पाने वाचून लेखनाचा अंदाज घ्यावा. घरात धाकटी मुले असतील, तर वयाचा निकष केवळ पहिल्या भागावरून लावू नये, कारण नायक-नायिका मोठ्या होत जातात तशी पुढील भागांतील हिंसा आणि मृत्यूची वर्णनेही अनेकदा गडद होत जातात.

मालिका आवडली, की आवृत्ती निश्चित करावी. संग्रह करणाऱ्यासाठी हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. एकाच कादंबरीच्या ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांची मुखपृष्ठे आणि आकार बहुधा वेगळे असतात. पेपरबॅकमध्येही १९८ × १२९ मिलिमीटरचा नेहमीचा आकार आणि २३४ × १५३ मिलिमीटरचा मोठा आकार असे प्रकार आहेत. कथेवर चित्रपट किंवा वेबमालिका आली, की मुखपृष्ठे बदलण्याची शक्यता असते आणि मग जुन्या रूपातील उरलेले भाग मिळवणे कठीण होते. म्हणून पसंत पडलेल्या मालिकेचे प्रसिद्ध झालेले भाग फार लांबणीवर न टाकता एकाच आवृत्तीत घ्यावेत. मागणी नोंदवताना केवळ नावावर न जाता तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीचा ओळख क्रमांक, पडताळावा, कारण हार्डकव्हर, पेपरबॅक आणि वेगळ्या प्रकाशकाची आवृत्ती यांचे क्रमांक निरनिराळे असतात.

पुस्तक आले, की त्याच दिवशी ते उलगडून पाहावे. लोकप्रिय मालिकांच्या बेकायदा छापील प्रती सर्रास विकल्या जातात आणि त्या ओळखण्याची उत्तम जागा म्हणजे सुरुवातीचा नकाशा. या कादंबऱ्यांत काल्पनिक प्रदेशाचा नकाशा पुष्कळदा असतो. अस्सल प्रतीत त्यातील बारीक अक्षरे आणि डोंगरांच्या रेषा सुट्या दिसतात, तर नकली प्रतीत शाई पसरून गावांची नावे वाचताच येत नाहीत. त्यानंतर पृष्ठक्रमांक सलग पाहावेत. एखादा फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा संच) उलटा बांधलेला, दोनदा आलेला किंवा गळालेला आढळल्यास परतीची मुदत संपण्यापूर्वी प्रत बदलून घ्यावी.

संग्रहाच्या वहीत पुस्तकाची नोंद थोडक्यात पुरते: दाखल क्रमांक (संग्रहात आल्याचा अनुक्रमांक), मालिकेचे नाव, भाग, आयएसबीएन, खरेदीची तारीख आणि पुढील भाग यायचा आहे की नाही.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र पुस्तकांना सोसत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. पाचशे-सहाशे पानांच्या पेपरबॅकचा कणा केवळ डिंकावर उभा असतो. सततच्या उष्णतेने तो डिंक कडक होतो आणि पुस्तक पूर्ण उघडताच कणा तडकून पाने सुटतात. म्हणून कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नये, अन्य भिंतीपासूनही दोन बोटे पुढे ठेवावे. कूलरचा झोत तर कपाटावर मुळीच येऊ देऊ नये. त्या ओलसर वाऱ्याने पानांना लाटा येतात, मुखपृष्ठ वळते आणि दारे बंद असली तर आत बुरशीही धरते. पावसाळ्यात वाळवीसाठी कपाटाचे पाय व मागची बाजू तपासावी आणि कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा पुस्तके बाहेर काढून कोरड्या फडक्याने झटकावीत. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असल्यास तो सावलीत पूर्ण वाळवूनच ठेवावा.

मांडणी मालिकेनुसार करावी आणि अपूर्ण मालिकेपुढे येणाऱ्या भागांपुरती जागा राखावी. मित्रमंडळींना वाचायला अवश्य द्यावे, परंतु एका वेळी एकच भाग द्यावा, वहीत नाव व तारीख लिहावी आणि तो परत आल्यावरच पुढचा भाग काढून द्यावा.