फाउंड्रीच्या सॉफ्टवेअरसाठी दोन आठवड्यांचा स्प्रिंट कसा चालवायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीला (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याला) रिजेक्शनच्या, म्हणजे नाकारलेल्या नगांच्या, नोंदींचं सॉफ्टवेअर हवंय आणि तुमच्याकडे चार डेव्हलपर आहेत, असं धरू. नेहमीची रीत अशी: महिनाभर मालकांशी चर्चा, जाडजूड कागदावर सही, सहा महिन्यांनी बसवणी. मग सुपरवायझर म्हणतो, "साहेब, हे आमच्या कामाचं न्हाई." चूक झाली पहिल्या महिन्यात, कळली सातव्यात. या 'वॉटरफॉल' पद्धतीचं मूळ विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधातल्या आकृतीत दाखवतात. गंमत म्हणजे ही सरळसोट वाट धोक्याची आहे, असं त्यांनी त्याच निबंधात बजावलं होतं.

यावरचा उपाय म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायचं आणि प्रत्येक टप्प्याअखेर वापरता येईल असं काही दाखवायचं. अशा टप्प्याला 'स्प्रिंट' आणि या पद्धतीला 'स्क्रम' म्हणतात. 'स्क्रम' हा शब्द मुळात सॉफ्टवेअरवाल्यांचा नाही. १९८६ साली टाकेउची आणि नोनाका या व्यवस्थापनाच्या जपानी अभ्यासकांनी कॅमेरा, फोटोकॉपियर, मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांच्या टीमना रग्बीची उपमा दिली. जेफ सदरलंड आणि केन श्वेबर या सॉफ्टवेअरवाल्यांनी ती सॉफ्टवेअरमध्ये आणून १९९५ मध्ये मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथं १७ जण जमले आणि त्यांनी चार मूल्यांचा जाहीरनामा लिहिला. स्क्रमसारख्या पद्धतींना 'अजाइल' हे नाव तिथं मिळालं.

आता हिशोब. चार जण, दहा दिवस, म्हणजे ४० दिवस. नियोजन, डेमो (झालेलं काम दाखवणं), रेट्रो (काय सुधारायचं ते ठरवण्याची शेवटची बैठक) यांत माणशी एक दिवस जातो: ४. जुन्या ग्राहकांचे फोन: ६. रजा: २ (चैत्रात जोतिबाची यात्रा आली तर जास्त धरा). उरले २८. त्यातलं काम २४ दिवसांपुरतंच घ्या. पूर्ण २८ भरले की पहिला अडथळा येताच टेस्टिंगला कात्री लागते, आणि ती उधारी पुढच्या स्प्रिंटमध्ये व्याजासकट फेडावी लागते.

पहिल्या स्प्रिंटमध्ये एकच स्क्रीन करा, पण ती वापरता आली पाहिजे: हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), पार्टचं नाव, रिजेक्ट नग, कारण. कारण टाइप करायला लावू नका. हातात मोजे, अंगावर वाळूची धूळ, तिथं कोण टाइप करणार? ब्लो होल, श्रिंकेज, सॅण्ड इन्क्लूजन अशी दोषांच्या नावांची मोठी बटणं द्या. सक्तीचे रकाने वाढवले, तर माणसं पहिलंच बटण दाबून मोकळी होतात आणि महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये सगळा दोष ब्लो होलच्या माथी बसतो.

डेमो मालकांच्या केबिनमध्ये नको, शिफ्ट बदलताना शॉप फ्लोअरवर ठेवा. मोबाइल सुपरवायझरच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. तिथंच कळतं की मशिनिंग शॉपमधून रिजेक्ट होऊन आलेलं कास्टिंग काही दिवसांनी परततं, तेव्हा बंद केलेल्या हीटमध्ये पुन्हा नोंद करता यायला हवी. केबिनमधल्या चर्चेत हे निघत नाही, कारण मालकांना ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगावंसं वाटत नाही.

रोजचा स्टँडअप, म्हणजे टीमची उभ्या-उभ्या बैठक, १५ मिनिटांत उरका. तो साहेबांना हजेरी देण्यासाठी नसतो. आज कुणाचं काय अडलंय एवढंच विचारा. रेट्रोमधून पुढच्या स्प्रिंटसाठी एकच बदल निवडा. पाच ठरवले तर एकही होत नाही.

एआय आल्यावर स्प्रिंटची गरज संपली, असं काही जण म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. तासाभरात चारशे ओळी लिहून मिळतात खऱ्या, पण बंद हीट पुन्हा उघडावी लागते हे एआयला सांगायचं कुणी? ते शॉप फ्लोअरवर जाऊनच आणावं लागतं. त्यात आता लिहिण्यापेक्षा तपासणं मागं पडतं, आणि तपासणीची रांग लांबली की माणसं न वाचताच 'ओके' देतात. म्हणून टोयोटाच्या कारखान्यातून आलेल्या कानबानची शिस्त उचला: कामाची कार्डं बोर्डावर लावायची आणि एका वेळी ठरावीकच घ्यायची. एका कार्डात एकच बदल. टेस्टमधले अपेक्षित आकडे फाउंड्रीच्या जुन्या रजिस्टरमधून माणसानं काढायचे, कोड लिहून घेण्याआधी. बोर्डावर 'तपासणी' रकान्यात तीनच कार्डं. चौथं आलं की नवं लिहिणं बंद, चौघांनीही आधी तपासायला बसायचं.