इंजिन कव्हरवरचा पांढरा थर घरीच काढा

खताची पोती अन् फवारणीचा पंप वाहून गाडीचं ॲल्युमिनियमचं इंजिन कव्हर पांढरं, खरबरीत पडते. नवीन घ्यायची गरज नाही.

१. इंजिन थंड असताना डिझेल अन् जुन्या टूथब्रशनं चिखल-ऑइल काढा, साबणानं धुवा.

२. ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासा. मग ८००, मग १२००. आधीच्या पेपरचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका. खरी मेहनत इथंच आहे; राहिलेला ओरखडा चकाकीत जास्तच उठून दिसते.

३. जुन्या बनियनच्या तुकड्यानं ब्रासो (धातू चमकवायचं पॉलिश) लावा. कापड काळंकुट्ट होईल, होऊ द्या. कोरड्या फडक्यानं पुसा.

संडास धुवायचं ॲसिड किंवा कास्टिक सोडा मात्र लावू नका. गंज नाही, ॲल्युमिनियमच खाऊन टाकते.